आजीचे वय किती?



आपल्या घरातील एखाद्या आजीला तिचे वय विचारून पाहा. वर्षांचा आकडा सहसा मिळत नाही. "रझाकाराच्या धामधुमीत मी आईच्या कडेवर होते," "बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा शेळ्या राखत होते," "बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता," अशी उत्तरे येतात. ही उत्तरे खोटी नाहीत. रझाकार म्हणजे १९४८, दीक्षा म्हणजे १९५६. थोडा हिशेब केला की वय निघते. पण तिच्या कागदावर भलतेच लिहिलेले असते. जे शाळेत गेले, त्यांच्या दाखल्यावर १ जून. जे गेले नाहीत, त्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी. आपल्या वस्त्यांकडे पाहिले तर सारे गाव दोनच दिवशी जन्मले की काय, असे वाटावे!

यात हसण्यासारखे आहे, तसे गंभीरही आहे. माणूस म्हातारा का होतो, कोण लवकर होतो, कोण उशिरा होतो, याचा शोध आज जगभर चालू आहे. अनेक देशांच्या संस्था एकत्र येऊन हे काम करीत आहेत. त्या सर्वांपुढे पहिला प्रश्न हाच असतो की, सांगितलेले वय खरे काय? अमुक डोंगरातले लोक एकशेदहा वर्षे जगतात, तमुक बेटावर म्हातारपणच येत नाही, अशा बातम्या आपण वाचतो. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाने अशा दाव्यांची छाननी केली. अमेरिकेतील राज्याराज्यांत जन्माचे दाखले देणे रीतसर सुरू झाले, तसे एकशेदहा वर्षांवर जगल्याच्या नोंदींचे प्रमाण ६९ ते ८२ टक्क्यांनी घसरले, असे त्याला आढळले. माणसांचे आयुष्य घटले नव्हते, फक्त कागद सुधारला होता. या कामाबद्दल त्याला २०२४ साली इग्नोबेल पारितोषिक मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते दिले जाते.

याउलट फ्रान्समधील झान काल्मां या बाईंचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८७५ चा आणि मृत्यू १९९७ चा. त्या १२२ वर्षे जगल्या. जगाने हे मान्य केले, कारण त्यांच्या जन्माची, लग्नाची आणि वेळोवेळच्या जनगणनेची नोंद जागच्या जागी होती. आमच्याकडे एखादी म्हातारी खरोखर शंभर वर्षे जगली, तरी तिचे ऐकणार कोण? तिच्याजवळ कागदच नाही.

आता दुसरी गोष्ट. कागदाचे वय आणि शरीराचे वय ही दोन निरनिराळी वये आहेत. न्यूझीलंड देशात ड्युनेडिन नावाचे एक शहर आहे. तेथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांना शास्त्रज्ञांनी जन्मापासून आजवर तपासत ठेवले आहे. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेली जी पिढी आहे, तिच्याच वयाची ही माणसे. ती ३८ वर्षांची झाली तेव्हा त्यांचे रक्त, फुप्फुसे, मूत्रपिंडे, दात, रक्तदाब असे सारे तपासून प्रत्येकाच्या शरीराचे वय काढण्यात आले. २०१५ साली निष्कर्ष छापून आला. कागदावर सगळेच ३८ वर्षांचे. पण शरीराचे वय कोणाचे २८ निघाले, तर कोणाचे ६१! शहर एक, जन्मसाल एक, तरी एवढा फरक. म्हणजे म्हातारपण नुसत्या वर्षांनी येत नाही. काय खाल्ले, काय सोसले, कोणते काम केले, यावर ते लवकर किंवा उशिरा येते.

आपल्या बीड जिल्ह्याला हे शिकवायला न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की धारूरच्या घाटातून ऊसतोडीच्या गाड्या उतरतात. विशीतच नवरा-बायकोचे कोयते सुरू होतात. पहाटे अंधारात फडावर जायचे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे आणि अंगावरची उचल फेडायची. पंचेचाळिशीत पोचलेल्या अशा बाईला पाहून परगावचा माणूस "आजी, जरा सरका" म्हणतो. तो चुकत नाही. तिच्या शरीराचे वय त्याला दिसते. तिच्या कागदाचे वय मात्र सरकारला दिसते, आणि सरकार तेवढेच धरते.

मग या दोन वयांतला फरक मोजायचा कोणी? भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आहे आणि त्याचे केंद्र आपल्या मुंबईतच आहे. मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईला गेलेल्या कित्येकांना गोवंडी स्टेशन ठाऊक आहे. त्याच गोवंडी स्टेशन रोडवर, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. ती १९५६ साली स्थापन झाली. या संस्थेने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्य विद्यालय आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांना बरोबर घेऊन भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. इंग्रजी अद्याक्षरांवरून त्याला 'लासी' म्हणतात. केंद्र सरकारचे आरोग्य मंत्रालय, सामाजिक न्याय मंत्रालय, अमेरिकेची वार्धक्य संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी त्याला पैसा पुरवला.

पहिली फेरी २०१७-१८ साली झाली. ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक माणसांच्या घरी जाऊन पाहणी करण्यात आली. त्यांतील ३१ हजारांहून अधिक माणसे साठीच्या पुढची होती. नुसते प्रश्न विचारून काम भागवले नाही. रक्तदाब घेतला. मुठीत यंत्र देऊन पकड किती घट्ट आहे ते मोजले. चार मीटर चालायला लावून चालण्याचा वेग मोजला. नजर तपासली, फुंकर मारायला लावून फुप्फुसांची ताकद पाहिली, बोटातून रक्ताचे थेंब घेतले. दहा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने त्यांतले किती आठवतात ते विचारले. घरात काय शिजते, कोण कमावतो, उपचाराचा खर्च कोण करतो, मुले विचारपूस करतात की नाही, हेही विचारले. जातही विचारली.

या अभ्यासाचा खरा जोर पुढे आहे. तीच माणसे पुन्हा पुन्हा गाठायची, असे पंचवीस वर्षे करायचे, अशी योजना आखलेली आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंद एका दिवसाची स्थिती दाखवतो. पैसा कसा आला आणि कुठे गेला, हे खतावणीवरून कळते. आज एखाद्या माणसाची पकड ढिली आहे, हा झाला ताळेबंद. ती केव्हापासून आणि कशामुळे ढिली झाली, हे पंचवीस वर्षांची खतावणी सांगेल. असेच अभ्यास अमेरिकेत १९९२ पासून, इंग्लंडमध्ये २००२ पासून, युरोपात २००४ पासून आणि चीनमध्ये २०११ पासून चालू आहेत. प्रश्न बरेचसे सारखेच ठेवले आहेत. त्यामुळे चीनच्या शेतकऱ्याचे म्हातारपण आणि आपल्या शेतमजुराचे म्हातारपण एकाच मापाने मोजता येते.

जानेवारी २०२१ मध्ये या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या दर चार माणसांपैकी तिघांना एखादा तरी दीर्घकाळचा आजार आहे. शंभरातील चाळीसजणांना कोणते ना कोणते अपंगत्व आहे. दर पाचांपैकी एकाला मनाच्या आरोग्याची तक्रार आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे १० कोटी ३० लाख होती. २०५० पर्यंत ती ३१ कोटी ९० लाखांवर जातील असा अंदाज आहे.

विसरभोळेपणाच्या आजाराचाही याच अभ्यासातून शोध घेण्यात आला. वय झाले की माणूस विसरतोच, असे आपण म्हणतो. पण घरचा रस्ता चुकणे, पोटच्या मुलाला न ओळखणे हा आजार आहे. त्याला डिमेन्शिया म्हणतात. लासीतील ४,०९६ ज्येष्ठांची दिल्लीच्या एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयांच्या मदतीने बारकाईने तपासणी झाली. २०२३ साली निष्कर्ष आला. साठीच्या पुढच्या शंभरांपैकी सातांहून अधिक, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे, या आजाराने ग्रासलेली आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. खेड्यातली म्हातारी जास्त का विसरते? एक मोठे कारण जगभरच्या संशोधनातून पुढे आले आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली या आजाराला हातभार लावणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्यांत लहानपणी शिक्षण न मिळणे ही एक आहे. बालपणी ज्या मेंदूला अक्षर मिळाले, तो म्हातारपणी जास्त काळ तग धरतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्यांचे नुकसान नोकरीपुरते झाले नाही. ते नुकसान सत्तरीतही त्यांच्याकडून वसूल होत आहे. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सर्वांत आधी का ठेवला, हे यावरूनही समजून घ्यावे.

आता जातीकडे वळू. जात आणि आयुष्य यांचा संबंध आहे का? २०२२ साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या संशोधकांचा एक लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यांनी उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश अशा नऊ राज्यांतील २०१०-११ च्या सरकारी पाहणीचे आकडे तपासले. तेथे उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी निघाले आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. कोणी म्हणेल, हा गरिबीचा परिणाम आहे, जातीचा नव्हे. संशोधकांनी तेही तपासले. गरिबीचा हिशेब धरला तरी या अंतराचा निम्मासुद्धा उलगडा होत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या लोकांसाठी असा हिशेब मांडायचा, तर आपली माणसे अशा पाहणीत आली पाहिजेत आणि त्यांची वये खरी लिहिली गेली पाहिजेत.

यात आपल्या भाकरीचाही प्रश्न आहे. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी वयाची अट ६५ वर्षांची आहे. अट सर्वांना सारखी, पण शरीर सारखे नाही. ज्याने खुर्चीत बसून काम केले त्याची पासष्टी आणि जिने तीस वर्षे मोळ्या वाहिल्या तिची पासष्टी एकच कशी धरायची? "आम्ही लवकर म्हातारे होतो" असे नुसते म्हणून सरकार ऐकणार नाही. मोर्चा काढला तरी अधिकारी पुरावा मागेल. तो पुरावा लासीसारख्या पाहणीतून तयार होऊ शकतो. म्हणून हे संशोधन श्रीमंतांना दीडशे वर्षे जगवण्याच्या खटपटीपेक्षा वेगळे आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आम्हाला व्यायाम कशाला हवा, आमचे काम हाच व्यायाम," असे आपले कष्टकरी बांधव म्हणतात. २०१८ साली सतरा अभ्यासांतील सुमारे १ लाख ९३ हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. फार अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत लवकर मृत्यू येण्याचा धोका बैठे काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के अधिक आढळला. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण मुद्दा समजण्यासारखा आहे. व्यायाम माणूस मर्जीने करतो, थकला की थांबतो, वर पोटभर खातो. ऊसतोडीत थकले तरी थांबता येत नाही. खाडा झाला तर दंड बसतो.

आपल्या भगिनींविषयी तर वेगळे लिहायला हवे. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचे प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजले. शासनाने नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली. कमी वयात अशी शस्त्रक्रिया झाली की पाळी जाण्यानंतरचे शरीरातले बदल लवकर सुरू होऊ शकतात. बीजकोश काढले असतील तर ते लगेचच होतात. हाडे ठिसूळ होतात. म्हणजे पस्तिशीच्या बाईच्या शरीरात म्हातारपण दहा-पंधरा वर्षे आधी आणून बसवले जाते. "पिशवी काढली की कटकट गेली" असे जो सांगतो, त्याला आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत विचारावे, सरकारी रुग्णालयात दाखवावे.

म्हातारपणाची मुळे याहूनही मागे, आईच्या पोटात आहेत. हे सिद्ध करण्यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडच्या साउदॅम्प्टन येथील संशोधकांबरोबर १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडच्या बाळांचे ३.५ किलो होते. ही बाळे दिसायला हडकुळी, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा त्या मानाने जास्त होता. अशी मुले मोठी झाल्यावर त्यांना मधुमेहाचा धोका अधिक असतो. त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या आया पालेभाज्या, फळे आणि दूध घेत होत्या त्यांची बाळे बाळसेदार होती. ज्या आयांना गरोदरपणात जास्त कष्ट पडले त्यांची बाळे लहान निघाली. फडावर आठव्या महिन्यापर्यंत मोळी वाहणारी बाई आपल्या लेकराच्या पन्नाशीतला आजारही डोक्यावर वाहत असते, असा याचा अर्थ होतो. तो दोष तिचा नाही. घरच्यांनी, मुकादमाने आणि कारखान्याने याचा विचार करायला हवा.

मग आपण काय करावे? पहिले काम वहीचे. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून, दुष्काळ, दीक्षा, नामांतराचे आंदोलन अशा खुणा लावून त्यांचे जन्मवर्ष काढा आणि लिहून ठेवा. नव्या बाळाचा जन्मदाखला लगेच काढा, मग बाळंतपण फडावर झाले असले तरी. दुसरे काम तपासणीचे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर पाहा. आजोबांना कमी ऐकू येते म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवू नका. कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटे पडणे या तिन्ही गोष्टी लॅन्सेटच्या त्या चौदांत आहेत. तंबाखू आणि दारूविषयी नव्याने काय सांगावे? विहारात रविवारी वंदनेला म्हाताऱ्यांना हाताला धरून घेऊन चला. चार माणसांत बसणे हेही औषध आहे.

शेवटचे काम उत्तर देण्याचे. लासीचे लोक आपल्या वस्तीत येतीलच असे नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी ही पाहणी निवडक घरांत होते. पण म्हणूनच जे घर निवडले जाते, ते हजारो घरांच्या वतीने बोलत असते. असा कोणी पाहणीदार दाराशी आला तर त्याला हाकलून लावू नका. त्याचे ओळखपत्र पाहा. माहिती कशासाठी हवी, रक्त कशासाठी हवे, ते विचारा. तुमची संमती घेतल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. नको वाटले तर नाही म्हणण्याचा तुमचा हक्क आहे. तुमचे नाव गाळून मगच ती माहिती अभ्यासकांना दिली जाते. एवढी खात्री झाली की मग मात्र खरे सांगा. जात विचारली तर लाजू नका. काम विचारले तर "काही नाही, मजुरी" म्हणून सोडून देऊ नका. किती वर्षे ऊस तोडला, किती वर्षे वीटभट्टीवर काढली, ते सांगा. कुठे दुखते ते सांगा. आपण न सांगितलेले दुखणे कोणत्याही अहवालात येत नाही, आणि जे अहवालात नाही त्याच्यासाठी सरकार पैसा ठेवत नाही.

जयभीम!